ज्योतीचा सावळा वर्ण

लेकीच्या हिताच्या काळजीपोटीच माणसे कधी कधी तिला तिच्या रूपाची लाज शिकवतात. त्यांची माया खरी असते, आणि चूकही खरीच असते.

कोल्हारला सप्ताहाच्या काल्याचा स्वयंपाक चालला होता. मंडपात सावळी ज्योती मान खाली घालून वांगी चिरत होती. रविवारी शेवगावची मंडळी तिला पाहायला येणार, म्हणून आत्या गोजरबाईंनी गोरेपणाचे मलम आणून तिला लावायला लावले होते. गाल लालबुंद होऊन चुरचुरत होते.

तोच गावात नव्याने रुजू झालेला कृषी सहायक समर्थ मदतीला आला, आणि त्याने फोडींच्या पातेल्यात भराभर लिंबे पिळली.

“अवो साहेब, भाजी करायचीय का लोनचं?” गोजरबाई कडाडल्या.

समर्थ ओशाळला. “फोडी काळ्या पडू नयेत म्हणून, आत्या. वांगं चिरलं की त्यातलं विकर, म्हणजे एन्झाइम, हवेशी मिळून रंग काळवंडवतं. आंबटानं ते रोखलं जातं.”

“त्याला मिठाचं पानी पुरतं!” पातेले उचलून त्या फोडी धुवायला नळावर गेल्या.

ज्योतीला हसू आवरेना. मग तिने हलकेच विचारले, “मानसाच्या कातडीतबी असतं का हो असलं काही?”

“असतं ना. सावळा रंग तेच घडवतं, उन्हापासून राखतं…” त्याची दृष्टी तिच्या गालांवर थबकली. “मलमानं त्यालाच रोखलंय का? डॉक्टरांना दाखवा.”

तिने ओढणी पुढे ओढली. “काळी म्हनून नकार आलेत. आत्याला लई घोर लागलाय.”

“त्या विकराला निवांत काम करू द्या,” समर्थ म्हणाला. “ मला… त्याचं काम फार आवडलंय.”

“वांग्यातलं?” तिने खट्याळपणे विचारले.

“वांग्यातलं नव्हे —” एवढेच तो म्हणाला, आणि कानांपर्यंत लाल झाला.

गोजरबाई परतल्या. ज्योती उभी राहिली. “आत्या, मलम आता लावनार न्हाई. गाल जळत्यात माझे.”

आत्याने तिची हनुवटी उजेडाकडे वळवली, आणि त्यांचे डोळे भरून आले. “तुझं भलंच बघत हुते गं, पोरी… पर शेवगावकर न्हाई म्हनले तर?”

“त्यांच्याआधी मी आईला घेऊन आलो तर — चालेल?” समर्थ अडखळत म्हणाला.

“मला काय इचारता? तिला इचारा.”

ज्योतीने प्रथमच मान वर करून त्याच्याकडे पाहिले. “शनिवारी या.”

या दोघांचा संसार सुखाचा होवो. आणि गोजरबाईंच्या मायेलाही स्वस्थता लाभो.