भिंतीवरचा चौथा हात

नगरला सावेडीतल्या त्या कार्यालयात सकाळी साडेदहाला चहा यायचा. आदिनाथ सर खुर्चीतून न उठता बोटाने टेबलं मोजायचे आणि खिडकीतून खाली टपरीवाल्याला आकडा सांगायचे. सात. कोणी रजेवर असलं तर सहा. दिशाला ही मोजणी आवडायची. संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या मुलीला दिवस एका बिनचूक आकड्याने सुरू झाला की बरं वाटायचं.

काम सर्वेक्षणाचं होतं. गावोगावी घराघरांत जाऊन विचारायचं: गेल्या वर्षभरात चोरी झाली का, मारहाण झाली का, बाहेर पडताना भीती वाटते का. पोलिसांच्या दप्तरात जे कधीच येत नाही ते लोकांच्या तोंडून ऐकायचं आणि मोजायचं, यासाठीच हे सर्वेक्षण आहे, असं प्रशिक्षणात तीनदा सांगून झालं होतं. जानेवारीअखेर सगळ्यांची नेमणूक संपत होती. पुढच्या वर्षी सातांतले पाचच ठेवणार होते. त्या शेवटच्या पंधरवड्यात दिशाच्या वाट्याला पाथर्डी तालुक्यातलं मोरदरा आलं.

पाथर्डीहून जीप फाट्यावर सोडते. फाट्यापासून गाव दीड किलोमीटर. वाटेत दोन्हीकडे वाळलेलं कुसळी गवत, एक बंद पडलेली पाणपोई, आणि गावाच्या तोंडाशी पिवळ्या रंगाची पाटी: गुन्हेमुक्त मोरदरा आपले स्वागत करीत आहे. पाटीवरची अक्षरं ताजी होती. दर वर्षी रंगवत असावेत.

पोलीस पाटील भिमाजी पाटीजवळच उभा होता. पन्नाशीचा, स्वच्छ टोपीचा माणूस. त्याने तिला चावडीत बसवलं, पाणी दिलं आणि तक्रारवही तिच्यापुढे ठेवली. वही एकोणीस वर्षांची होती आणि कोरी होती. दिशाने पानं उलटली. कागदाला कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास होता.

"एकही नाही?" तिने विचारलं.

"तक्रार न्हाई म्हंजी गुन्हा न्हाई, मॅडम. साधं गणित हाय."

ते गणित चुकीचं आहे हे दिशाला ठाऊक होतं. तिने ते बोलून दाखवलं नाही. पाहुणचार घेऊन लगेच शिकवायला बसणं बरं दिसत नाही.

गाव जवळजवळ रिकामं होतं. दसरा झाला की निम्म्याहून जास्त माणसं ऊसतोडीला जातात ती उन्हाळा लागताना परततात. मागे म्हातारी माणसं, शाळेची पोरं आणि कुलपं. आणि प्रत्येक कुलपाशेजारी, दाराच्या उजव्या अंगाला, पांढऱ्या भिंतीवर गेरूत बुडवून उमटवलेले हात. मोठे, मध्यम, काही तर पुरीएवढे.

भिमाजीने सांगितलं ते असं. तोडीला निघताना घरातला जो जो जातो तो आपला हात भिंतीवर उठवतो. हे हात घर राखतात. परत आल्यावर ज्याचा हात त्यानेच पाण्याने पुसायचा, मग उंबरा ओलांडायचा. तिकडे उसाच्या फडातच कोणी वारलं, तर घरातलं वडीलधारं तो हात धुतं. बाकी कोणी शिवत नाही. चोरसुद्धा.

दिशाला याचा मनापासून आनंद झाला. सांगितलेली माणसं एकीकडे, भिंतीवरचे हात दुसरीकडे. दोन स्वतंत्र मोजण्या, एकमेकींना तपासणाऱ्या. असं फुकटात कुठल्याच गावात मिळत नाही. दोन दिवस ती प्रश्नही विचारत राहिली आणि हातही मोजत राहिली. सदतीस घरं झाली. बाहेर गेलेले एकशे एक्केचाळीस, हात एकशे एक्केचाळीस. एकाचाही फरक नाही.

उत्तरंही तशीच जुळत होती. चोरी नाही. मारहाण नाही. अंधार पडल्यावर एकटीने बाहेर जायला भीती वाटते का, याला बायका नाही म्हणायच्या. का नाही, असं एकीला विचारलं, तर ती पदराआड हसली. "आमी जातोच कुटं?" टॅबमध्ये याला खूण होती ती 'सुरक्षित वाटते'. दिशाने ती केली. मनात मात्र खडा लागल्यासारखं झालं.

तिसऱ्या दिवशी दुपारी अडतिसावं आणि शेवटचं घर राहिलं, गोजरबाईचं. गावाच्या टोकाला, फाट्याकडच्या वाटेवर. भिमाजी आतापर्यंत प्रत्येक घरी बरोबर आला होता. इथे तो येईना.

"म्हातारीचं जरा फिरलंय," तो म्हणाला. "जे म्हनंल त्याला व्हय म्हना अन् निगा."

घराला कुलूप नव्हतं. गोजरबाई दारातच ज्वारी निवडत बसली होती. बारीक, ताठ म्हातारी. तिचा मुलगा सहादेव, सून आणि सात वर्षांचा नातू तोडीला गेलेले. तीन. दिशाने भिंतीकडे पाहिलं.

हात चार होते.

तिने पुन्हा मोजले. सहादेवचा रुंद, सुनेचा मधला, नातवाचा लहान. त्यांच्या थोडा बाजूला चौथा: अरुंद, लांब बोटांचा, करंगळी किंचित बाहेर वाकलेली. बाकीच्या तिघांचा गेरू तीन महिन्यांच्या उन्हाने विटून पावडर झाला होता. हा गडद होता. तिने बोट लावून पाहिलं. बोटाला ओला रंग लागला.

दुपारचे दोन वाजले होते. भिंतीवर सरळ ऊन होतं.

"हा आत्ता कोणी काढला, आजी?"

"कोनी न्हाई. मोनिकाचा हाय त्यो."

मग म्हातारीने ज्वारी बाजूला सारली आणि सगळं सांगितलं, सावकाश, एकेक धागा धरून. मोनिका तिची नात, सहादेवची थोरली. बारावीला. शिकायचं म्हणून तोडीला गेली नाही, आजीजवळ राहिली. त्यामुळे तिने हातही उठवला नव्हता. दिवाळीनंतर एका गुरुवारी कॉलेजातून येताना जीपमधून फाट्यावर उतरली. तिथपर्यंत तिच्यासोबत बायका होत्या. पुढचं दीड किलोमीटर तिचं कधी संपलंच नाही. गोजरबाई त्याच संध्याकाळी भिमाजीकडे गेली. तो बघतो म्हणाला. पण गुन्हेमुक्त गावाची पाहणी चार दिवसांवर आली होती, पाहणी होऊ दे मग लिहू, म्हणाला. पाहणी झाली. म्हातारी पुन्हा गेली. तेव्हा त्याने विचारलं, कोण मोनिका?

"मला वाटलं सोंग करतोय," गोजरबाई म्हणाली. "पर त्येच्या डोळ्यात बगितलं. सोंग न्हवतं ते. मग लेकाला फोन केला. सहादेव म्हनला, आई, तुला बरं न्हाई का. मला येकच पोरगा हाय."

त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी भिंतीवर हात उमटला. भिमाजीने दोनदा चुना मारला. दोन्ही वेळा तो वर आला.

"तुम्ही धुऊन नाही पाहिला?"

"म्या धुतला म्हंजी मेली म्हनायचं. म्या न्हाई धुनार."

तिने आतून कापडी पिशवी आणली. त्यात जीवशास्त्राची वही होती. पहिल्या पानावर नावाची चौकट कोरी, पुढे मात्र नीटस अक्षर, आणि मानवी हृदयाची आकृती: रोहिण्या लाल, नीला निळ्या, प्रत्येक नावाला पट्टीने ओढलेली रेघ. दिशाने स्वतः बारावीत काढलेली आकृती अशीच होती. रेशनकार्डही बघितलं. माणसं पाच लिहिली होती. नावं चार. तिसऱ्या आणि चौथ्या नावाच्या मध्ये एक ओळ मोकळी.

दिशाने हाताचं मोजमाप घ्यायचं ठरवलं. पट्टी पाथर्डीला खोलीवर राहिली होती. म्हणून तिने प्रमाणासाठी आपला उजवा तळवा त्या हाताशेजारी भिंतीला टेकवला आणि डाव्या हाताने फोटो काढला. तिच्या तळव्यावर, अंगठ्याच्या बुंध्याशी एक तिरका पांढरा व्रण होता, प्रयोगशाळेत परीक्षानळी फुटली होती त्याचा. तिने तळवा उचलला, तर तेवढा व्रण सोडून त्यालाही गेरू लागला होता. तिने टेकवला होता तो कोऱ्या भिंतीवर.

"तुमच्या कागदात येक वळ लिवा, बाई," गोजरबाई म्हणाली. "तिचं नाव अन् ती घरी आली न्हाई येवढंच. पाटलाच्या वहीत लिवलं असतं तर आज समद्यास्नी ठावं असतं. कागदात ऱ्हायली तर ऱ्हाईल ती."

टॅबमध्ये घटना नोंदवायची तर आधी 'कोणाच्या बाबतीत' हे सदस्यांच्या यादीतून निवडावं लागत होतं. यादीत मोनिका नव्हती. नवा सदस्य घालायचा तर आधार क्रमांक हवा. तो नसेल तर फॉर्म अपूर्ण राहणार, आणि एक फॉर्म अपूर्ण म्हणजे सगळं गाव पुन्हा. दिशाने अंगणाच्या कडेला जाऊन सरांना फोन लावला.

आदिनाथ सरांनी म्हातारीचं वय विचारलं. मग म्हणाले, "मोरदरा आपलं शून्य आहे, दिशा. त्याच्याशी बाकीची गावं ताडून बघायचीत. एका म्हातारीच्या भ्रमासाठी शून्य मोडू नकोस. आणि मला यादी परवा द्यायची आहे, लक्षात आहे ना?"

लक्षात होतं. पुढच्या वर्षी ठेवायच्या पाच जणांची यादी, तेही तिला कळलं.

ती परत आली. म्हातारी समोर बसून टॅबच्या काचेकडे बघत होती. तिला वाचता येत नव्हतं. 'गेल्या वर्षभरात घरातील कोणाच्या बाबतीत गुन्हा घडला का?' दिशाने 'नाही' वर बोट ठेवलं. काचेवर लाल ठसा राहिला. तिने तो ओढणीने पुसला.

"लिवलं का?"

"हो, आजी. लिहिलं."

गोजरबाईने दोन्ही हात जोडले.

पाथर्डीच्या खोलीवर दिशाने साबण लावून तळवा घासला. रंग निघाला. जेवताना पाहिलं तर पुन्हा होता. ती शास्त्र शिकलेली होती, म्हणून तिने लोहाच्या संयुगांचा, त्वचेतल्या घामाचा विचार केला. त्या मुलीचा विचार टाळला. आपण खोटं बोललो हा विचार मात्र टाळता येईना. पहाटे तिने ठरवलं की सोबत दिलेला कागदी फॉर्म भरायचा, तो वेगळा द्यायचा, मग यादीतून नाव गेलं तर जाऊ दे.

पहिल्या जीपने ती फाट्यावर उतरली आणि दीड किलोमीटर चालत गेली. कोवळं ऊन होतं. वाटेत कोणी भेटलं नाही.

गोजरबाई दारात बसली होती. तिने वेणीफणी केली होती. दोन-अडीच महिन्यांत पहिल्यांदा झोप लागल्यासारखा चेहरा टवटवीत होता.

"या बाई. च्या टाकू का?"

भिंतीवर तीन हात होते. चौथ्याच्या जागी साधी पांढरी भिंत. चुना ताजा नव्हता, जुनाच होता, बारीक तडे गेलेला.

दिशाने फॉर्म मांडीवर घेतला, पेनाचं टोपण काढलं. नावाच्या रकान्यावर पेन टेकवलं.

नाव आठवेना.

जिभेच्या टोकाशी होतं. काल चार-पाचदा ऐकलं होतं. तीन अक्षरं की चार?

"आजी, तुमच्या नातीचं नाव काय?"

"नात?" म्हातारी हसली. "येक नातू हाय, बाई. नातीची लई हौस हुती. देवानं न्हाई दिली."

कापडी पिशवी खुंटीला होती. रिकामी. दिशाने मोबाईल काढून कालचा फोटो बघितला. भिंत, ऊन, आणि प्रमाणासाठी टेकवलेला तिचा तळवा. शेजारी काहीही नव्हतं.

तिने टोपण लावलं. चहा घेतला. चांगला होता, आलं घातलेला.

नंतरच्या आठवड्यात फेरतपासणी झाली. दहातल्या एका घरी दुसऱ्या माणसाला पाठवून तेच प्रश्न पुन्हा विचारायचे, अशी कार्यालयाची रीत. मोरदऱ्याला नाझनीन गेली. ती दिशाच्या शेजारच्या टेबलावर बसायची. दोघी डबा एकत्र खायच्या.

सोमवारी सकाळी नाझनीन सरांना अहवाल सांगत होती. उत्तरं सगळी जुळली. शून्य पक्कं झालं. सर खूश होते.

"एकच आहे," ती म्हणाली. "गोजरबाई म्हणून एक बाई आहेत. त्या म्हणतात, याआधी आमच्याकडे कोणी बाई आलीच नाही. पोलीस पाटीलपण तेच म्हणाला."

आदिनाथ सरांनी टॅब उघडला. "फॉर्म तर भरलेला आहे. सर्वेक्षकाचा रकाना कोरा कसा? गेल्या खेपेला कोण गेलं होतं?"

नाझनीनने खांदे उडवले. तिची नजर सगळ्या टेबलांवरून फिरली, दिशाच्या टेबलावरूनही.

"आणि हे बघा," ती म्हणाली. "घरातले तिघं गेलेत, पण हात चार आहेत. चौथा ओला होता."

तिने फोटो मोठा करून टॅब सरांपुढे धरला. दिशाला तो तिच्या जागेवरून दिसत होता. उजवा हात. अंगठ्याच्या बुंध्याशी गेरू लागला नव्हता. तिथे एक तिरकी पांढरी रेघ सुटली होती.

"पोराटोरांनी काढला असेल," सर म्हणाले. "त्याने आकड्यात फरक पडत नाही."

दिशाने तोंड उघडलं.

साडेदहा वाजले होते. आदिनाथ सरांनी बोटाने टेबलं मोजली आणि खिडकीतून खाली आकडा सांगितला.

सहा.

त्या दिवशी रजेवर कोणीच नव्हतं.