तुम्हीच पाठवलंय का?

जिन्याच्या वळणावर दोघं समोरासमोर आली. ती संगणकाचा डबा छातीशी धरून खाली येत होती, तो एक-एक पायरी गाळत वर चढत होता. डबा निसटला... त्यानं तो अलगद झेलला. बोटांना बोटं लागली आणि दोघंही गोरीमोरी झाली.

"तुमच्याकडेच निघाले होते," ती म्हणाली.

"मीही तुमच्याकडेच —" त्यानं पुढचं गिळून टाकलं.

खाली त्याचं संगणक-दुरुस्तीचं दुकान होतं, वर तिच्या आत्याचा छापखाना. दुकानाची पाटी करून घेताना त्यानं रंग इतक्यांदा बदलला, की आत्या म्हणाली होती, "बयो, याला पाटी नकोय गं, येण्याजाण्याला निमित्त हवंय."

आज मात्र थट्टा सुचत नव्हती. सकाळपासून तिच्या नावानं सगळ्या गिऱ्हाइकांना मेल जात होती – 'तुमच्यासाठी खास काही केलंय. उघडून बघा.' तिनं एकही पाठवली नव्हती. आत्यानं हयातभर जपलेलं नाव आपल्यामुळे धुळीला मिळणार, या धास्तीनं तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

वर छापखान्यात डबा परत टेबलावर ठेवून त्यानं आधी नेटची वायर कुठे आहे ते पाहिलं आणि बाजूला काढून ठेवली. "आता ही लावायची नाही. नवीन काय घातलंत यात?"

"छपाईच्या अक्षरांचा, फॉन्टचा एक प्रोग्राम. फुकट मिळाला. नाव, चित्र, सगळं अगदी अस्सल..."

"अँटीव्हायरस ओरडला नाही?"

"ओरडला ना! पण त्या प्रोग्रामनंच सांगितलं, थोडा वेळ तो बंद करा." ती ओशाळली. "केला."

"म्हणजे चोर म्हणाला, कुत्रा जरा बांधा, आणि तुम्ही बांधलात."

"हसू नका हो!"

"हसत नाही... बरं, थोडं हसतोय." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "ते फसवं सोंग आहे. अक्षरं खरीच देतं, म्हणून संशय येत नाही, आणि आतून तुमच्या नावानं मेल पाठवत राहतं. प्रोग्राम बनवणाऱ्याच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच घ्यायचा. आणि अँटीव्हायरस बंद करा म्हणाला, की तिथंच थांबायचं. कामाची प्रत आहे वेगळी?"

"आहे. कपाटात."

"मग अर्धी लढाई जिंकलात. हे सगळं पुसून नव्यानं भरू."

त्यानं आपल्या फोनवरून तिच्या मेलचा पासवर्ड बदलायला लावला. मग दोघं गिऱ्हाइकांना फोन करत बसली. "अशी मेल आली, की उघडण्याआधी फोन करून खात्री करायची," तो प्रत्येकाला बजावत होता. आत्या मधूनच म्हणे, "अगं, त्याला चहा दे. नुसतं बघून पोट भरत नाही."

कुणी उघडली नव्हती, कुणाला कळलंच नव्हतं. एकानं तर तिलाच धन्यवाद दिले. तिचा जीव भांड्यात पडला.

"सगळे झाले," ती म्हणाली. "तुम्हालाही गेली असेल. पण तुम्ही थोडीच उघडणार!"

त्याचे कान लाल झाले.

"उघडलीत?"

"...हो. तुमचं नाव दिसलं आणि अक्कल गहाण पडली. दुकानातलं यंत्र बंद पाडून बसलोय. लोकांना रोज शिकवतो मी —"

"काय असेल वाटलं त्यात?"

"जे मला तुम्हाला लिहायचं होतं... आणि जमत नव्हतं."

ती खिडकीकडे वळली, हसू लपेना. "मग आधी फोन करून खात्री करायची होती. तुमचाच नियम ना?"

तो उठला, बाहेर गेला आणि त्यानं दार ओढून घेतलं. तिचा फोन वाजला.

"हॅलो," दारापलीकडून आणि फोनमधून एकदमच आवाज आला. "ते... तुम्हीच पाठवलं होतंत का?"

"नाही," ती म्हणाली.

ती दाराशी आली.

"पण आज संध्याकाळी पाठवीन. ते बिनधास्त उघडा."

"अगं, दार उघड आधी!" आत्या आतून ओरडली. "चहा निवतोय त्याचा."