फौजदाराला पुरलं तो दिवस

वेल्ह्याच्या स्टँडवर उतरली तेव्हा गुलफशाला समोरचं काहीच दिसत नव्हतं. धुकं इतकं खाली आलं होतं की एसटीचा लाल रंगसुद्धा चार हातांवर विरघळून गेला. गाडी घरघरत निघून गेली. मेकअपची पेटी छातीशी धरून ती उभी राहिली... आणि धुक्यातून एक पोलीस चालत आला.

आधी टोपी दिसली. मग खाकी वर्दी. मग चेहरा—

अर्धा गाल सडलेला. एका डोळ्याखाली काळंनिळं मांस लोंबत होतं. कपाळात गोळीचं भोक.

"गुलफशा तांबोळी?" त्यानं विचारलं. "मी तुमालाच न्यायला आलोय."

ती अशी किंचाळली की बाजूच्या चहाच्या टपरीतली माणसं बाहेर आली. पेटी हातातून सुटून त्या पोलिसाच्या पायावर पडली आणि मेलेला पोलीस एका पायावर नाचायला लागला.

"आई गं... मेलो की ओ मॅडम!"

"म्हणजे आधी मेला नव्हता?" तिच्या तोंडून निघून गेलं.

तो हसला. सडलेला गाल हलला नाही, पण डोळे हसले. तेवढ्या सगळ्या किळसवाण्या रंगांत ते दोन डोळे एखाद्याच्या घरातल्या दिव्यासारखे होते.

त्याचं नाव सरफराज. किकवीचा. स्वतःचा टेम्पो चालवायचा. 'फौजदार उठला' या भयपटाचा दुसरा भाग वेल्ह्याच्या रानात चालू होता, आणि त्यांचा जनरेटर पोचवायला म्हणून तो तिथं गेला होता. पहिल्या भागातला नट मालिकेत काम मिळालं म्हणून निघून गेला होता, त्याची वर्दी तेवढी मागं राहिली होती. ती सरफराजला अंगासरशी बसली आणि तो फौजदार झाला. मेकअपखाली तोंड तसंही कुणाला दिसणार होतं?

"आणि मेकअपवाले कुठं गेले?" टेम्पोत बसल्यावर तिनं विचारलं.

"भांडून पुण्याला गेले, माझं तोंड असं करून. हे निघत न्हाई ओ. साबण लावून बघितला. आता रॉकेल लावू म्हणत होते..."

"खबरदार! हात लावू नका. मी बघते."

भोरमध्ये तिचं ब्युटी पार्लर होतं. नवरी सजवण्यात तिचा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं. मेलेला माणूस मात्र तिनं कधी केला नव्हता. दिग्दर्शक कुमारसर फोनवर म्हणाले होते, "नवरी करता ना? त्याच्या उलट करायचं. झालं!"

रानाच्या कडेला एक बंद पडलेलं विश्रामगृह होतं. त्याच्या ओसरीत तिनं त्याला खुर्चीवर बसवलं आणि खोबरेल तेलाचा बोळा गालावर ठेवला. बाहेर पागोळ्या टपटपत होत्या. आधी गोळीचं भोक गेलं. मग काळं मांस सुटून तिच्या हातात आलं. खालून सावळा, रुंद गाल निघाला, त्यावर वस्तऱ्यानं कापल्याची बारीकशी खूण. मग ओठ...

"झालं का?" तो म्हणाला.

"बोलू नका. राहिलंय अजून."

राहिलं काहीच नव्हतं. बोळा तेवढा उगाच फिरत होता. तिच्या ते लक्षात आलं आणि तिनं झटकन हात मागं घेतला.

मग रोजचंच झालं. सकाळी ती त्याला मारायची, संध्याकाळी जिवंत करायची.

"लई जीव लावून मारता तुमी," तो म्हणायचा.

"गप्प बसा. मेलेली माणसं बोलत नाहीत."

"माझ्या डायलॉगचं काय मग?"

"एकच तर डायलॉग आहे. 'मी परत आलोय.' तोही तुम्ही हसत म्हणता."

ती हसायची खरी, पण मनात काहीतरी कुरतडत होतं. हात बसत गेला तसा फौजदार रोज जास्त खरा होऊ लागला. डोळ्यांखालची राखाडी, ओठांची पांढरी कडा, नखांचा निळा... एका सकाळी काम चालू असताना सरफराजला झोप लागली. बघायला म्हणून ती दोन पावलं मागं सरकली. खुर्चीत मेलेला माणूस होता. तिनंच केलेला. मान एका बाजूला कललेली, छाती हलत नव्हती— की हलत होती? ती पुढं झाली आणि तिनं त्याच्या नाकापाशी तळहात धरला. गरम श्वास लागला.

"हाय अजून," डोळे न उघडता तो पुटपुटला.

तिनं पावडरचा पफ त्याच्या डोक्यात मारला. पण त्या दिवशी तिनं जेवणाचा डबा उघडलाच नाही.

शेवटचा मोठा सीन राहिला होता. गुंडांनी मारून रानात पुरलेला फौजदार सूड घ्यायला जमिनीतून उठतो. रात्रीचे सीनही कुमारसर दिवसाच घ्यायचे, काळोख मागाहून कॉम्प्युटरवर करायचा. त्यांना फक्त धुकं हवं होतं. गावातल्या कोंडिबानं खड्डा खणला. त्यात सरफराजनं झोपायचं, छातीवर आणि तोंडावर प्लायवूडची फळी, फळीतल्या भोकातून तोंडात श्वासासाठी नळी, वरून माती. कुमारसर ओरडले की फळीच्या कडेनं हात वर काढायचा.

त्या सकाळी सरफराज एकदाही हसला नाही.

"काय झालं?" ती त्याच्या बोटांना निळा रंग लावत होती. बोटं बर्फासारखी गार होती.

"काय न्हाई."

"सरफराज..."

तो बाहेरच्या धुक्याकडं बघत राहिला. "अब्बांना मातीत ठेवलं तवा मी खाली उतरलो होतो. थोरला म्हणून. वर आलो आन् लोकांनी माती लोटली. तो आवाज... मुठीमुठीनं पडतो ना, तो आवाज मला अजून येतो. आज तो खालनं ऐकायचाय."

गुलफशाच्या हातातला ब्रश थांबला. "मग नाही म्हणून सांगा. मी सांगते कुमारसरांना."

"सगळी माणसं सकाळपासून भिजत उभी हाईत. माझ्यापायी त्यांचा खोळंबा कशाला?" त्यानं हसायचा प्रयत्न केला. "तुमी तेवढ्या जवळ थांबा. आपलं माणूस वर हाय म्हटलं की बरं वाटंल."

आपलं माणूस... तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पेटीतून भुवया कोरायच्या दोऱ्याचं रीळ काढलं आणि दोऱ्याचं टोक त्याच्या डाव्या हाताच्या करंगळीला बांधलं.

"दुसरं टोक माझ्या हातात राहील. ठीक असाल तर मधूनमधून ओढायचं. बाहेर यायचं असेल तर जोरात, सारखं ओढा. मी कॅमेऱ्याबिमेऱ्याचं काही बघणार नाही."

खड्ड्यात उतरताना त्यानं एकदा वर बघितलं. त्या भयंकर चेहऱ्यातून तेच डोळे. मग फळी आली. मग माती, मुठीमुठीनं. गुलफशाला वाटलं, ती आपल्याच छातीवर पडतेय.

ती कॅमेऱ्याच्या कडेला, एका जांभळाआड उकिडवी बसली. बोटाला दोरा गुंडाळलेला. एक हलका झटका आला. तिनं श्वास सोडला. पुन्हा एक झटका.

"धुकं अजून दाट येतंय," कुमारसर कुजबुजले. "कुणी हलू नका. असं धुकं पुन्हा मिळायचं नाही."

धुकं आलं. झाडं गेली, माणसं गेली. उरला तो मातीचा उंचवटा आणि त्यातून वर आलेली नळी. रानात एकही पाखरू बोलत नव्हतं. झटका... मग बराच वेळ काहीच नाही... मग झटका. पानांवरून पाणी निथळत होतं. आणि मग अगदी हळू, कूस बदलावी तशी खड्ड्याची एक बाजू आत सरकली. आवाजसुद्धा झाला नाही. नळी वाकडी झाली.

दोरा ताडकन ताणला गेला. एकदा, दोनदा, सारखा... बोटाचं कातडं कापलं जाईल इतक्या जोरात.

"सर! त्यांना काढा!"

"श्शू! कॅमेरा चालू आहे!" कुमारसरांची सहायक प्रेरणा तिच्याकडं डोळे वटारून म्हणाली.

तेवढ्यात मातीतून हात वर आला. निळ्या नखांचा हात. हवेत बोटं फिरवत, माती ओरबाडत... "वा!" कुमारसर पुटपुटले, "वा रे पठ्ठ्या! काय काम करतोय!" सगळे श्वास रोखून बघत होते. तो हात थरथरला, ताठ झाला आणि मनगटातून खाली पडला.

कुणीच पुढं झालं नाही. सगळ्यांना तो अभिनयच वाटला.

गुलफशा त्या बोटांकडं बघत होती. नखं निळी होती, पण ती तिनंच निळी केली होती. आतलं खरं कसं कळणार? तिनं दोरा ओढला. उत्तर नाही. पुन्हा ओढला. दोरा नुसता सैल, ओला, तिच्या हातात येत राहिला.

ती धावली. मागून कुणी ओरडलं, "फ्रेम! फ्रेममध्ये येताय!" ती गुडघ्यांवर पडली आणि दोन्ही हातांनी माती उपसायला लागली. चिखल जड होता, उपसावा तेवढा परत आत येत होता. "कोंडिबा! मामा, या ना!" कोंडिबा फावडं टाकून आला. "फावडं नगं, लागंल त्येला. हातानंच काढा!" मग प्रेरणा आली, मग लाईटवाले, आणि शेवटी पांढऱ्याफटक चेहऱ्यानं कुमारसर.

फळी तिरपी होऊन त्याच्या गळ्यावर रुतली होती. चौघांनी ती उचलली. त्याला बाहेर ओढलं, कुशीवर वळवलं. तोंडात चिखल होता, तो तिनं बोटांनी काढला. चेहरा राखाडी, ओठ पांढरे, डोळे मिटलेले. सगळं तिनं सकाळी केलं होतं तस्संच. जिवंत आहे की नाही तेच दिसेना! आपल्याच हातांचा तिला असा राग आला की ती ओढणीनं त्याचा चेहरा घासू लागली, रंग निघेना तरी घासू लागली...

"सरफराज, ऊठ! ऐकतोयस का? तू असं जायचं नाही. मला विचारल्याशिवाय जायचं नाही तू! ऊठ!"

कोंडिबानं त्याच्या पाठीवर दणका घातला. एक. अजून एक.

तो खोकला. चिखलाची चूळ बाहेर पडली, आणि मग एक लांबलचक, करवत ओढल्यासारखा श्वास आत गेला. सरफराजनं डोळे उघडले, तिचं मनगट धरलं आणि लहान मुलासारखा रडायला लागला. गुलफशाला मात्र रडू आलं नाही. दुसऱ्या हातानं ती त्याच्या केसांतला चिखल काढत राहिली.

कुमारसर चिखलातच बसले. "मी वा वा म्हणत होतो," ते म्हणाले. "तो जात होता आणि मी वा वा म्हणत होतो."

कुणी त्यांची समजूत घातली नाही. युनिटच्या गाडीतून सरफराजला भोरला आणलं. वाटभर गुलफशा त्याच्या छातीवर हात ठेवून बसली होती. हात काढला तर श्वास थांबेल, असं तिला वाटत होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं, गळा सुजलाय, फुप्फुसं ठीक आहेत म्हणाले, पण त्याला ठेवून घेतलं. संध्याकाळ झाली. खिडकीबाहेर पाऊस भुरभुरत होता. शेजारच्या खाटेवर उत्रोलीच्या सगुणाबाई पाय प्लास्टरमध्ये टांगून पडल्या होत्या. धुतलेल्या चेहऱ्यानं सरफराज उशीला टेकून बसला होता. आवाज घोगरा झाला होता.

"अम्मीला फोन केलाय," गुलफशा म्हणाली. "निघाल्यात किकवीहून. मी... निघू का?"

"थांबा." तो चादरीची कड चाळवत राहिला. "आत असताना एकच वाटत होतं. बोलायचं राहिलं. अब्बांचं, मातीचं काय सुदिक आठवलं न्हाई. नुसतं— हिला सांगायचं राहिलं."

"काय?"

"तुमाला ठाव हाय."

"मला माहीत असून उपयोग नाही. तुम्ही म्हणायला पाहिजे."

"तुमी माझ्या घरच्या व्हाल का?" तो भडाभडा बोलून गेला आणि खोकत सुटला.

तिनं पाण्याचा पेला त्याच्या ओठांना लावला. पेला दातांवर वाजला.

"मला भीती वाटते," ती म्हणाली. "मघाची गेलीच नाही अजून. टेम्पो घेऊन निघालात की वाटेल. फोन लागला नाही की वाटेल. धुकं पडलं की वाटेल. ही आता जन्माची बसली. असली भित्री बायको चालेल तुम्हाला?"

शब्द तोंडातून गेला आणि मग तिच्या कानांवर आला. ती लाल झाली.

तो तिच्याकडं बघत राहिला. "तिथं मला 'तू' म्हणालीस. शुद्ध नव्हती, पण तेवढं ऐकू येत होतं. आता का तुमी-तुमी?"

"तेव्हा जीव गेला होता माझा."

"म्हण की परत."

"इथं? सगळे ऐकतायत..."

"अगं म्हण की पोरी," शेजारच्या खाटेवरून सगुणाबाईंनी मान उचलली. "कवापासनं कान टवकारून पडलीया मी. मला बी ऐकू दे!"

गुलफशानं ओढणी तोंडावर घेतली. मग खाली वाकली आणि त्याच्या कानात, अगदी हळू, म्हणाली.