बोगद्यानंतरची रेघ

स्टिअरिंगवर दोन्ही तळवे टेकवून आबा श्वास रोखून बसले होते. गाडी त्यांचे हात ओळखून घेत होती.

"काका, श्वास घेतला तरी चालतो," मागच्या सीटवरून नाझनीन म्हणाली. साताऱ्यातल्या या शोरूममध्ये गिऱ्हाइकांसोबत ट्रायलला जायचं काम तिचं होतं.

आबांच्या शेजारी बसलेली त्यांची मुलगी ऋजुता हसली नाही. आबा एकोणसत्तरचे. मागच्या महिन्यात पोवई नाक्यावर त्यांनी ब्रेक उशिरा दाबला होता आणि परवा हातातला चहा बशीत सांडला होता. तिला गाडीपेक्षा तिच्यातला 'करवेध' हवा होता. स्टिअरिंगच्या आवरणाखालचे संवेदक हातांचा सूक्ष्म कंप मोजत आणि मेंदूच्या काही आजारांची चाहूल माणसाला स्वतःला लागण्याच्या कितीतरी आधी देत. डॉक्टरकडे जायचं म्हटलं असतं तर आबांनी दहा सबबी सांगितल्या असत्या. गाडी बघायला मात्र ते इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते.

शहरातून आबांनी गाडी झकास नेली. बोगदा ओलांडल्यावर घाट सुरू व्हायच्या आधी त्यांनी ती कडेला घेतली. नव्या वस्तूला पहिला हात घरातल्या मोठ्या माणसाने लावायचा असतो, तो लावून झाला, आता तू घे, असं त्यांचं म्हणणं. ऋजुताने बराच आग्रह केला, पण ते उतरलेच. चालक बदलला की नव्या चालकाचे हात गाडीला ओळखायला लावायचे, हे नाझनीनला माहीत होतं. पण मागे एसटी हॉर्न वाजवत उभी होती, त्या घाईत ते राहून गेलं. यवतेश्वरपर्यंत आणि तिथून परत शोरूमपर्यंत ऋजुताच गाडी चालवत आली.

शोरूमच्या पडद्यावर अहवाल उमटला तो हिरव्या चौकटीत. चालक सयाजी शेडगे, वय एकोणसत्तर. हातांचा कंप वयोमानानुसार.

"निम्म्याहून जास्त पेपर पोरीने लिहिला आणि पास मी झालो," आबा म्हणाले. "शाळेत एवढं नशीब नव्हतं."

नाझनीनने जीभ चावली. गाडीने दोघांचेही हात काकांच्याच नावावर आणि वयावर धरले होते. दुरुस्त करून देते, म्हणून ती संगणकाकडे वळली. आबा पांढरा रंग धुळीत टिकेल का, हे बघायला बाहेरच्या गाड्यांकडे गेले.

ऋजुताने अहवालाखालचा आलेख मोठा केला. बोगद्यापर्यंतची रेघ जवळजवळ सरळ होती. आबांचे हात ठीक होते. महिनाभर छातीत धरून ठेवलेली भीती सैल झाली आणि तेवढ्यात तिची नजर पुढे सरकली. बोगद्यानंतर रेघेवर बारीक लाट उठली होती. फक्त उजव्या हाताची, आणि तीही सरळ रस्त्यावर, हात स्टिअरिंगवर नुसता टेकलेला असताना.

तिने बोट ठेवून विचारलं. घाटात सगळ्यांचंच होतं, नवीन गाडीची भीती, असं नाझनीनने सहज सांगितलं.

पण भीतीने थरथरणारा हात सेकंदाला दहाएक झोके घेतो, हे ऋजुता शिकली होती. इथे पाच होते, एकसारखे. एकोणसत्तराव्या वर्षी यंत्र ते चालवून घेत होतं. ती चौतीस वर्षांची होती.

ती वंध्यत्व केंद्रात भ्रूणतज्ज्ञ होती. सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक सुई स्त्रीबीजात टोचायची, हे तिचं काम. गेल्या आठवड्यात दोन बीजं तिच्या हाताखाली फुटली होती. सुईचा लॉट खराब आहे, असं तिने केंद्रात सांगितलं होतं आणि सगळ्यांना ते पटलं होतं. उद्या सकाळी ज्या बाईची बीजं यायची होती, तिची ही चौथी आणि डॉक्टरांच्या मते शेवटची खेप होती.

काचेपलीकडून आबा एका गाडीच्या टपावर थाप मारून तिला खुणेने बोलावत होते. ऋजुताने उजवा हात डाव्या हाताने धरला. तो मुळीच थरथरत नव्हता. निदान दिसेल एवढा तरी नाही.

"नाव-वय बदललं की रिपोर्ट तुमच्या नावावर चढेल, ताई, मग तो पुसता येत नाही," नाझनीन कीबोर्डवर बोटं ठेवून म्हणाली. "बदलू, की हाच राहू दे? हिरवा आहे तसा."