डब्यातला फोन आणि डोक्यावरचा उपग्रह

फोन नवा होता, चार्जिंग पूर्ण होतं, तरी तो अकराव्यांदा ‘संपर्क नाही’ म्हणाला. वैजूने बाराव्यांदा जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर लावला आणि गोठ्याकडे पाहिलं. आत म्हैस रेकत होती. पहाटेपासून कळा देत होती, आणि बाहेर आला होता फक्त एक पाय.

कोयनेच्या खोऱ्यातल्या या एकट्या वस्तीवर रेंज एकाच जागी यायची, ती म्हणजे जांभळीच्या खोडाशी. तिथे तेलाचा पत्र्याचा डबा आडवा ठोकलेला होता, तोंड खिंडीकडे. फोन त्यात ठेवून ओरडून बोलायचं, ही वीस वर्षांची रीत. गेल्या महिन्यात खिंडीपलीकडचा टॉवर बंद झाला आणि हा उपग्रहाशी बोलणारा फोन आला. आईने तो सवयीने डब्यातच ठेवला.

“लागला का गं?” आई गोठ्यातून ओरडली. तिचे हात कोपरापर्यंत भिजले होते.

“नाही!”

“मग मी ओढते. किती वाट बघायची?”

अंगणातल्या बाजेवर बसलेले आजोबा चमकले. निवृत्तीपर्यंत ते उपग्रहांच्या केंद्रात काम करत. आता गुडघ्यांमुळे अंगणच त्यांचं केंद्र होतं. “ओढू नकोस, शांता! वैजे, फोन ठेवलायस कुठे?”

“डब्यात.”

“आणि तुझा उपग्रह (पृथ्वीभोवती फिरणारं यंत्र) कुठे आहे?”

वैजू चिडली. “आजा, आत्ता शाळा नको!”

“एका वाक्यात सांग.”

“वर. आभाळात.” ती थबकली. तिने डब्याकडे पाहिलं. वर पत्रा, पत्र्यावर जांभळीची दाट पानं.

“टॉवरच्या रेडिओलहरी (डोळ्यांना न दिसणारे संदेशवाहक तरंग) खिंडीतून आडव्या यायच्या,” आजोबा म्हणाले. “डब्याचं तोंड तिकडे होतं म्हणून चालायचं. उपग्रहाच्या लहरी वरून येतात. त्यांना पत्रा परतवतो, आणि ओली पानं बऱ्याचशा गिळतात. फोनच्या जागी तुझं डोकं ठेव. तुला जेवढं आभाळ दिसेल, तेवढंच त्याला.”

त्यांचं बोलणं संपेपर्यंत वैजू फोन घेऊन खळ्याच्या मध्यावर पोचली होती. तिथे चहूकडे आभाळ होतं. फोन लागला.

“डॉक्टर मुलाणी बोलतेय.”

वैजूने एका दमात सगळं सांगितलं.

“ओढायला सांगू नको! दुसरा पाय आत दुमडलाय. तसंच ओढलं तर दोघांच्याही जिवाला धोका. कळ थांबली की आईने रेडकाला हळूच मागे सारायचं. मग दुमडलेल्या पायाचा खूर...”

आवाज तुटला.

“आजा! गेला!”

“उपग्रह डोंगराआड गेला. पुढचा चार मिनिटांत येईल.”

“एका जागी थांबत का नाहीत मेले?”

“एका जागी थांबल्यासारखे दिसणारेही असतात, पण ते फार लांब, छत्तीस हजार किलोमीटरवर. एवढ्याशा फोनचा आवाज तिथवर पोचणं कठीण. हे पाचशेवर आहेत, म्हणून ऐकतात. पण इतक्या जवळ राहायचं तर पळावंच लागतं, नाहीतर खाली पडतील. म्हणून एकामागे एक सोडलेत. एक मावळतो, दुसरा उगवतो.”

वैजूने गोठ्यात धाव घेतली, ऐकलं तेवढं आईला सांगितलं आणि परत खळ्यात आली. ती उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली. चार मिनिटं एवढी लांब असतात हे तिला ठाऊक नव्हतं.

पुन्हा फोन लागला. “खूर मुठीत झाकून घ्यायचा, म्हणजे आत जखम होणार नाही. मग पुढे आणायचा. दोन्ही पाय आणि तोंड सरळ आले की कळ येईल तेव्हाच ओढायचं.”

वैजू फोन खळ्यातच ठेवून धावली. या वेळी तिला परत यायचं सुचलंच नाही. तिने एक पाय धरला, आईने दुसरा. “आता!” आई म्हणाली, आणि काळंभोर, ओलं रेडकू गवतावर घसरलं. हललं नाही. आईने त्याचं नाक पुसलं, गवताच्या मुठीने अंग खसाखसा चोळलं. रेडकू शिंकलं.

तेवढ्यात बाहेर घंटी वाजली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. या वस्तीवरून फोन लावले जात. बाहेरून कधी आला नव्हता. रेंज असली तरी जांभळीपाशी थांबणार कोण?

“उचला की कुणीतरी!” आजोबा ओरडले. “तिसरा उपग्रह आलाय!”

वैजू खळ्यात पोचली तेव्हा तिचे हात चिकट होते.

“अगं, काय झालं?” डॉक्टरांनी घाईने विचारलं. “पाच मिनिटं झाली लावतेय मी!”

“रेडी झाली, डॉक्टर! शिंकली!” वैजू म्हणाली, आणि ओरडावं लागत नाही हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.