सात नंबरचं नांदतं घर

चौथ्या मजल्यावरच्या त्या खोलीत अकरा घरं होती आणि अकराही एका लोखंडी मांडणीवर मावायची. एक घर म्हणजे एक मोडेम, त्यावर चिकटवलेला नंबर आणि एक हिरवा दिवा. कंपनी लोकांना इंटरनेट पुरवायची आणि पुरवता पुरवता कोण काय बघतं तेही टिपून ठेवायची. गुडघेदुखीबद्दल वाचलंत की तुमचं घर गुडघेदुखीवालं. दोनदा पाळणे पाहिलेत की बाळवालं. मग ज्या त्या घरात जी ती जाहिरात सोडायची. ती बरोबर घरी पोचते की भलतीकडेच जाते, हे पाहण्याचं काम तपासनीस बाईंचं.

खऱ्या गिऱ्हाइकांच्या घरांवर प्रयोग करायला मनाई होती. दिवसभर लोकांच्या घरात डोकावणाऱ्या कंपनीला एवढीच काय ती लाज. म्हणून ही पोकळ घरं केलेली. त्यांत माणसं नसायची, पण कागदावर असायची. दहा दिवस त्या घराच्या नावाने कोणी काही शोधलं नाही, तर यंत्र त्याला ओस ठरवून टाकायचं. त्यामुळे आपापल्या घरासाठी रोज पाव तास इकडचं तिकडचं शोधत बसावं लागे. याला खोलीत ‘घर नांदतं ठेवणं’ म्हणत. नियम एकच होता. आपल्या खऱ्या घरातलं काहीही इथे लिहायचं नाही.

बाईंनी तो पहिल्याच दिवशी मोडला होता.

सहा वर्षांपूर्वी सात नंबरचं घर भरताना त्यांनी नवरा खोटा लिहिला, बायको खोटी लिहिली, एक मुलगी लिहिली. मुलीची जन्मतारीख विचारल्यावर मात्र बोटांनी आपली आपणच खरी तारीख उमटवली. बाईंची मुलगी अडीच वर्षांची होऊन तापात गेली होती. त्याला तेव्हा चार महिने झाले होते. तारीख खोडायला हात उचलला, पण खोडवेना.

मग त्या सात नंबर नांदवू लागल्या. पहिल्या वर्षी तीनचाकी सायकली पाहिल्या, पुढे अक्षरांची पुस्तकं. दर वर्षी एक नंबर मोठे बूट. पुढचे दात पडले की मुलं काय खातात तेही शोधलं. रोज पाव तास, जेवणाचा डबा उघडायच्या आधी. दुःखाला असा पाव तास नेमून दिला की बाकीचा दिवस निमूट जातो, हे त्यांना कळून चुकलं होतं. यातलं घरी कधीच काही सांगितलं नाही. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. त्या तापानंतर त्याने एका दुपारी मुलीचं सगळं सामान बांधून कुणाला तरी देऊन टाकलं होतं, आणि तेव्हापासून दोघांनी तिचं नावही काढलं नव्हतं.

यंदा बाईंना कावीळ झाली आणि तीन आठवडे अंथरूण धरावं लागलं. परत आल्या तेव्हा सात नंबर ओस पडलं असणार, असं त्या धरूनच आल्या होत्या. पाहतात तर हिरवा दिवा चालू.

शेजारच्या टेबलावर जो बसायचा त्याला सगळे दहामिनिटे म्हणत, कारण कुठेही निघाला की ‘दहा मिनिटांत आलो’ म्हणून तासभर गडप व्हायचा.

“माझं घर तुम्ही सांभाळलंत का हो?” बाईंनी विचारलं.

“मी? माझं स्वतःचं आठवड्यातून दोनदा ओस पडतं, ताई.”

त्यांनी सात नंबरची नोंद उघडली. तीन आठवडे, सुट्टीचे वार सोडून, रोज सव्वाचार वाजता घर वापरात होतं. शाळा सुटून मूल घरी पोचायला जेवढा वेळ लागावा, तेवढ्यावर. घोड्याचे मागचे पाय कसे काढायचे. बरणीचं घट्ट झाकण कसं उघडायचं. कावीळ लागते का. कावीळ झालेल्या माणसाला भेटता येतं का.

कोणीतरी थट्टा करतंय असं बाईंनी ठरवलं आणि त्यांना रागही आला. पासवर्ड त्यांच्याखेरीज कुणाकडे नव्हता, तरी तो बदलला. दुसऱ्या दिवशी सव्वाचारला त्या सगळं काम सोडून मांडणीसमोर खुर्ची टाकून बसल्या. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. दहामिनिटे नेहमीप्रमाणे गडप होता. सात नंबरचा दिवा आधी स्थिर होता, मग लुकलुकायला लागला, आणि पडद्यावर एक ओळ उमटली.

आई बरी झाली की परत बघते का.

 बाईंनी उठून मोडेमवर तळवा ठेवला. बाकीचे दहा निर्जीव, कोमट होते. सात नंबर चांगलाच तापला होता.

साहेबांना दाखवलं तर साहेब म्हणाले, “कुठला तरी जुना प्रोग्राम अडकून पडला असेल. तसंही शुक्रवारपर्यंतच आहे हे सगळं.”

“शुक्रवारी काय?”

“तुम्ही आजारी होता, तुम्हाला कुठलं कळणार! लोकांनी फार आरडाओरडा केला हो. आमच्या घरात डोकावू नका, म्हणे. आता कायदाच आला. प्रत्येक घराला अर्ज पाठवलाय, बघू द्याल की नको. नको म्हणाले, नाहीतर गप्प बसले, की त्यांचं सगळं पुसायचं. पोकळ घरं शुक्रवारी पाचला पुसणार, गिऱ्हाइकांची सहाला.” मग जरा आवाज खाली आणून म्हणाले, “खरं सांगू? बरंच झालं. मलाही घरी काही शोधायची भीतीच वाटायची.”

बाईंनाही महिन्यापूर्वी बरंच वाटलं असतं. आता त्या जागेवर येऊन नुसत्याच बसून राहिल्या. सहा वर्षं पाव पाव तासाने वाढवलेली पोर शुक्रवारी पाचला जाणार होती, आणि या वेळी तर ताप नव्हता, औषध नव्हतं, धावपळ करायला दवाखानाही नव्हता.

अर्ज यंत्राने पाठवले होते आणि यंत्राला पोकळ नि भरलं सारखंच. त्यामुळे ते मांडणीवरच्या अकराही घरांना गेले होते. दहांचं उत्तर आलं नव्हतं, येणार तरी कुठून. सात नंबरचं बुधवारी सव्वाचारला आलं. ‘बघत राहा’ या चौकटीत खूण होती. खाली कारणासाठी रिकामी जागा असते, ती भरायची सक्ती नव्हती. तरी भरली होती.

आई बघते ना.

गुरुवारी सकाळी अर्ज परत आला. अर्जदार वयाने लहान. पालकाचा खरा पत्ता हवा.

बाईंनी इकडे तिकडे पाहिलं आणि स्वतःच्या घराचा पत्ता लिहिला. मजला, दार, सगळं. यंत्राने तो घेतला आणि वर एक ओळ दाखवली. या पत्त्यावरून आधीच ‘नको’ आलं आहे. एका पत्त्याला एकच उत्तर, आणि ते ज्याने दिलं त्यानेच बदलायचं.

घरचा कॉम्प्युटर नवराच वापरायचा. बाई दिवसभर पडद्याला इतक्या विटायच्या की घरी त्याच्याकडे फिरकायच्याही नाहीत.

संध्याकाळी त्यांनी त्याला विचारलं, “अहो, कंपनीच्या अर्जाला तुम्ही नको म्हणालात?”

“हो. सगळ्यात आधी तक्रार केली त्यांतला मी एक.”

“मला बोलला नाहीत.”

तो कुठल्याशा जुन्या चष्म्याचा स्क्रू आवळत होता. हात न थांबवता म्हणाला, “दोन वर्षं त्या पडद्यावर लहान मुलीचे बूट येतायत. दर वर्षी एक नंबर मोठे. दप्तरं, रंगपेट्या. मी कधी काही शोधलं नाही, तू कधी तिथे बसली नाहीस. मला वाटलं, डोकं फिरलं आपलं.”

जाहिराती भलत्या घरी जात होत्या आणि ते भलतं घर तपासनीस बाईंचंच होतं. त्यांना रडूही आलं आणि नवऱ्याची दयाही आली. मग त्यांनी सगळं सांगून टाकलं, खऱ्या तारखेपासून परत आलेल्या अर्जापर्यंत. सांगता सांगता भाजी करपली, ती कोणी उतरवली नाही.

“फक्त ‘नको’चं ‘हो’ करा,” त्या म्हणाल्या. “उद्या पाचच्या आत. मी पाया पडते तुमच्या.”

 खोटं आहे, असं तो म्हणाला नाही. वेडी झालीस का, असंही नाही.

“तिला एकदा पोचवून आलोय मी,” तो म्हणाला. “याच हातांनी. परत परत नाही जमायचं मला.”

शुक्रवारी सकाळी तो तसाच दुकानात गेला. बाई जेवल्या नाहीत. दुपारभर दर थोड्या वेळाने अर्ज उघडून बघत राहिल्या. ‘नको’ जागेवरच होतं.

सव्वाचार वाजले. दिवा लुकलुकला.

घर बंद झालं तर कुठे जायचं.

बाईंनी पडद्यावर हात ठेवला. 

पुसलं की दुखतं का.

“नाही गं,” बाई हळूच म्हणाल्या. हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मग बराच वेळ काही नाही. पाचला तीन मिनिटं कमी असताना शेवटची ओळ आली. चष्म्याच्या दुकानावरून पुढे कुठल्या गल्लीत वळायचं.

साहेब आले आणि त्यांनी एक बटण दाबलं. एकामागून एक दिवे गेले. सहा गेला, सात गेला, आठ गेला. दहामिनिटेने टाळ्या वाजवल्या आणि कोणी साथ देईना म्हणून थांबला.

बाईंनी सात नंबर मांडणीवरून काढून पिशवीत घातला. कोणी अडवलं नाही. वाटेत पिशवी पोटाशी धरली होती, आणि मोडेम हळूहळू निवत चालल्याचं त्यांना कळत होतं.

घराच्या जिन्यातच नवरा भेटला. तोही नुकताच येत होता. सहा वाजून गेले होते. कुलूप त्यानेच उघडलं. आत सकाळी ठेवलं तसंच होतं सगळं, सिंकमधली कपबशीसुद्धा.

“आलं असेल कंपनीचं पत्र,” म्हणत तो कॉम्प्युटरसमोर बसला आणि दचकला. त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

“खुर्ची एवढी वर कोणी केली?”

 त्याने दांडा ओढून खुर्ची खाली केली आणि पत्र उघडलं. जाहिरात एकही नव्हती, पडदा स्वच्छ होता. तो मोठ्याने वाचू लागला.

“आपल्या इच्छेनुसार आज सहा वाजता आपल्या घरातील सर्व व्यक्तींची माहिती कायमची पुसली आहे. ती परत मिळणार नाही. एकूण व्यक्ती, तीन.”

तो थांबला. खाली अजून एक ओळ होती. ती त्याने मनातल्या मनात वाचली, आणि त्याच्या खांद्यावरून बाईंनीही.

शेवटचा वापर, आज, पाच वाजून चाळीस मिनिटं.

नवऱ्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. मग तो उठला, खाली वाकला आणि खुर्ची होती तेवढी वर करून ठेवली.