वीस वेळा, न चुकता

"ही पट्टी तुम्ही वाजवता की ठोकता?"

आमच्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात पहिल्यांदाच आलेल्या गिऱ्हाइकाला असं विचारू नये, कळतं मला. पण त्याचं अकॉर्डियन उघडलं आणि राहवलंच नाही. बाकीच्या पट्ट्या नव्यासारख्या, आणि एकीची स्प्रिंग पार मोडलेली!

तो ओशाळला. उजव्या हाताची अनामिका पुढे करत म्हणाला, "हे बोट ऐकत नाही हो..."

तो जनावरांचा डॉक्टर. चार महिन्यांपूर्वी तपासताना कुत्रा चावला. जखम भरली, पण बोट आखडलं. त्याच्या आवडत्या धुनेतल्या एकाच ओळीत ते अडायचं. रोज शंभरदा ती ओळ घोटायची, चिडून पट्टी दाबायची — आणि मग हे असं.

"आणि कुत्रा?"

"ठणठणीत! मला बघून शेपूट हलवतो."

मला हसू फुटलं. आत भात्याला कापड चिकटवणारे बाबाही खुसखुसले.

"शंभरदा चुकीचं घोटलं तर चूकच पाठ होते," मी म्हटलं. "अगदी हळू वाजवा. सलग वीसदा, न चुकता. चुकलात की पुन्हा एकपासून."

"मोजणार कोण?"

तो सरळ माझ्याकडेच बघत होता... मी उगाचच स्क्रू शोधायला वाकले. "दुपारच्या सुट्टीत या. मोजीन मी."

मी नवी स्प्रिंग बसवून दिली, आणि तो रोज यायला लागला. पहिला आठवडा सहाच्या पुढे गाडी सरकेना. एकदा अकरापर्यंत पोचला आणि बोट घसरलं. त्यानं अकॉर्डियन खाली ठेवलं. चेहरा पडला होता.

"नाही जमायचं. सोडून देतो."

"द्या. पण काल अकरा नव्हते झाले."

त्यानं बोटाकडे पाहिलं. मग त्यानं पट्टा पुन्हा खांद्यावर चढवला.

दीड महिन्यानं वीस झाले! बाबा डिंकाच्या हातांनी टाळ्या वाजवत बाहेर आले. मीही हसले, पण मनात आलं — आता हा कशाला येईल?

दुसऱ्या दिवशी तो आला. बसला. एकोणीस वेळा ओळ झुळझुळत गेली — आणि विसाव्याला बोट भलत्याच पट्टीवर.

"चुकलं. एकपासून," तो शांतपणे म्हणाला.

पुन्हा एकोणीस. पुन्हा तीच चूक. तिसऱ्यांदा मी भात्यावर हात ठेवला.

"मुद्दाम चुकताय तुम्ही."

"हो."

"का पण?"

त्याचे कान लाल झाले. "वीस झाले की... मला जावं लागतं."

आत बाबांची कानस थांबली. बाबांना एकदम डिंक आणायची आठवण झाली. डबा भरलेला होता, तरी ते मागच्या दारानं निघून गेले.

"मग नको ना जाऊस," मी म्हणाले. म्हटल्यावर कळलं, 'तुम्ही' कुठेतरी गळून पडलं होतं.

त्याच्याही ते लक्षात आलं. भात्यावरच्या माझ्या हातावर त्यानं हात ठेवला.

"परत म्हण."

मी परत म्हटलं.